बिराजदार सरांचं नितळ पाणी

बिराजदार सर मातीचं ढेकूळ आधी जिभेला लावत आणि मग ते कुठल्या गावचं हे विचारत. अहमदपूरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राची नवी प्राध्यापिका म्हणून रुजू झाले, तेव्हा आमच्या या विभागप्रमुखांचं पहिलं दर्शन झालं ते जीभ बाहेर काढलेल्या अवस्थेत. जिभेला एक तांबूस खडा चिकटला होता. तो काढून ते शांतपणे म्हणाले, "जी माती जिभेला धरती, ती रंगालाबी धरती. बसा, मॅडम." हसू दाबताना मला ठसका लागला.

वर्गात ते शुद्ध बोलत, पण प्रयोगशाळेत शिरले की निलंग्याकडची बोली सुरू. रविवारी एसटीनं कुठंतरी जायचे आणि भाजीच्या पिशवीत माती भरून आणायचे. "काकू काही म्हणत नाहीत?" मी एकदा विचारलं. "म्हणती ना. भाजी महाग झाली का माती स्वस्त, असं इचारती."

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, नवे हुकूम. त्यातला एक हुकूम सूत रंगवणाऱ्या महबूबभाईंच्या दारावर आला. त्यांच्या भट्टीचं जांभळं पाणी ओढ्यात जायचं आणि तिथून विहिरीत उतरायचं. महिनाभरात बंदोबस्त करा, नाहीतर भट्टी बंद. "सर, रंगाबिगर मला दुसरं काय येतंय?" म्हणत महबूबभाई आमच्या पायरीवर बसले.

रंग शोषून घेणारी माती शोधायला सर झपाटून लागले. माती कुटायची, चाळायची, गोळ्या वळून भाजायच्या. एका मातीचा पाण्यात चिखल व्हायचा, दुसरी रंगाला दाद द्यायची नाही. मी वैतागले, "सर, हा कुंभाराचा धंदा आहे." ते म्हणाले, "कुंभाराला डिग्री न्हाई, म्हणून त्येचं मडकं गळतंय का?" शेवटी उदगीरकडच्या तांबड्या मातीनं इमान राखलं. रंग प्यालेल्या गोळ्या पुन्हा भाजल्या की नव्यासारख्या होत.

प्रात्यक्षिकाला हुकूम काढणारे साहेब आले, निम्मा गाव आला. गोळ्यांनी भरलेल्या पिंपात वरून जांभळं पाणी ओतलं आणि तोटीतून खालच्या टाकीत नितळ धार पडू लागली. टाळ्या झाल्या. मला तर सरांच्या सत्काराचा हार दिसायला लागला होता. इतक्यात टँकरची वाट बघून थकलेल्या एका बाईनं धारेखाली कळशी धरली. तिच्यामागं आणखी आठ-दहा जणी. साहेब खुशीत म्हणाले, "वा, प्यायचीही सोय झाली. सर, पहिला पेला तुम्ही घ्या."

सरांनी पेला घेतला नाही. "रंग गेला म्हणजे सगळं गेलं, असं न्हाई, साहेब. आत काय राहिलंय ते मोजायचं यंत्र आपल्याकडं न्हाई. माय, ती कळशी टाकीत वता."

तिनं ओतली, पण बाकीच्या हलेनात. नितळ पाणी समोर आणि घरी घागरी कोरड्या, कुणाला पटणार? तेव्हा सरांनी महबूबभाईंच्या पुडीतला चिमूटभर रंग घेतला आणि टाकीत टाकला. महिनाभराची मेहनत बघता बघता जांभळी झाली. बायका पुटपुटत पांगल्या. मला संतापानं रडू आलं.

"मग याचा उपयोग काय?" साहेबांनी विचारलं.

"हाय ना, साहेब," महबूबभाई म्हणाले. "ह्येच पाणी परत रंगाला वापरतो. वढ्यात थेंब जाणार न्हाई."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "स्वतःचं यश असं नासवणाऱ्या माणसाच्या शब्दावर सही करायला हरकत नाही," म्हणाले, आणि हुकूम मागं घेतला. महबूबभाईंनी सरांना मिठीच मारली. सर मात्र इकडंतिकडं बघत विचारत होते, "ती कळशीवाली माय कुठं गेली?"

संध्याकाळी त्यांनी घरातली एकुलती भरलेली घागर सायकलला बांधली आणि पत्ता काढत त्या बाईच्या दारात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सर बिनआंघोळीचे कॉलेजात आले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कुणाच्या तरी पाया पडले.