कांताआक्काच्या टाकीतला दर्या

मेलेल्या माणसाच्या खुर्चीत तुम्ही कधी बसलाय? मुद्दाम नव्हे. रिकामी दिसली, पाय दुखत होते, म्हणून टेकलाय? मी टेकले. समोरच्या काचेमागून पाच मासे एकदम पुढं आले, माझं तोंड बघितलं, आणि पाचही जण पाठ फिरवून मागच्या कोपऱ्यात निघून गेले.

"ते त्यांची वाट बघत्यात," कांताआक्का दारातनं म्हणाली. "तू उठ तिथनं."

मी उठले. भुताखेतांच्या विरोधात निपाणीच्या चौकात उभी राहून बोलणारी बाई आहे मी. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीच्या पेपरात आणि कचेऱ्यांच्या बाकड्यांवर शिकले. मला बघितलं की कारकून जेवायला उठतात, मग घड्याळात दहा वाजलेले का असेनात. अशी मी त्या खुर्चीतनं गुमान उठले, हे आधी सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना मला शहाणी समजू नका.

आक्का आमच्याच गल्लीतली. घर जैनांचं, गाव चिकोडीकडचं. वय साठीच्या पुढं. शेवया-पापड करून विकते आणि सगळं आयुष्य पाणी गाळण्यात गेलं म्हटलं तरी चालेल. नळाचं पाणी असो की टँकरचं, दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय ती पाऊल पुढं टाकत नाही. फडक्यावर राहिलेलं जे काही असेल ते ज्या पाण्यातलं त्याच पाण्यात परत. विहिरीचं विहिरीला. "जीव ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात गेला पाहिजे," हे वाक्य मी तिच्या तोंडून हजारदा ऐकलंय.

अशा बाईच्या सोप्यात चार फुटी काचेची टाकी आणि टाकीत मासे. कसे आले?

नवरा, बाबगोंडाअण्णा, निपाणी–पणजी गाडीचा ड्रायव्हर. बेळगाव, कणकुंबी, घाट उतरून गोवा, असा रोजचा रस्ता. एकदा पणजीत जाळं उपसणाऱ्या माणसाच्या पाटीत त्याला पाच पिल्लं तडफडताना दिसली. रुपयाच्या नाण्याएवढी, अंगावर काळे ठिपके. ह्यांच्यात सणावाराला खाटकाकडचं कोंबडं पैसे देऊन सोडवायची रीत आहे, तसं ह्यानं मासे सोडवले. सोडायला खाडीकडं निघाला, तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली. गाडीची वेळ झाली. खाडी राहिली. डबा धुऊन त्यात पाणी घेतलं आणि पाच जीव घाट चढून निपाणीला आले.

"जेवणाच्या डब्यात मासे!" आक्का आजही हे सांगताना कपाळाला हात लावते. "तो डबा मी भंगारात घातला. आठ दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी. म्हटलं, सोडवलं का पळवलं हो तुम्ही त्यास्नी?"

अण्णा म्हणायचा, "मोठे झाले की दर्यात सोडतो." आणि दर आठवड्याला बोट बुडवून पाणी चाखायचा, मूठभर खडं मीठ टाकायचा. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट झालं की पुरे. खाडीचं पाणी तसंच असतंय, ना धड गोडं ना धड खारं. मासे पालक खायचे, वाटाणे खायचे. दुसरं काही त्या घरात मिळणारही नव्हतं. सूर्य मावळायच्या आत अण्णा जेवायचा आणि मग खुर्चीत बसून त्यांच्याशी बोलत राहायचा. अकरा वर्षं. ताटलीएवढे झाले मासे, आणि दर्या काही आला नाही.

गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी अण्णा गेला. तीन आठवडे अंथरुणात होता. शेवटी जीभ जड झालेली, पण एकदा स्पष्ट म्हणाला, "त्यास्नी दर्या पाहिजे गं, कांता."

आक्कानं ते कानाआड केलं. दुःखात माणूस किती ऐकणार? पालक टाकायची, मीठ टाकायची, तोंड फिरवायची. वर्षभरात माशांचे पंख झिजले, ठिपके फिके पडले. संध्याकाळी पावणेसहाला, अण्णाच्या बसायच्या वेळेला, पाचही जण खुर्चीच्या बाजूच्या काचेला येऊन उभे राहायचे. हलायचे नाहीत. आणि एक दिवस आक्काला खुर्चीच्या हातावर पांढरं काहीतरी दिसलं. बोटाला लावून चाखलं. मीठ.

"रोज पुसते मी. रोज असतंय," ती मला म्हणाली. म्हणूनच मला बोलावलं होतं.

मी जोरात हसले. हवेच्या पंपाची नळी टाकीच्या काठावरून त्या खुर्चीच्या हातावरनं गेलेली होती. खारं पाणी नळीवर चढतं, वाळतं, मीठ पुढं सरकत जातं. "हे बघ तुझं भूत," म्हटलं, आणि नळी दुसऱ्या बाजूला बांधून टाकली.

"ते मला कळतंय गं," आक्का म्हणाली. "पण त्यांचं सांगणं तर खोटं न्हाई न्हवं? मासे मरायला लागलेत."

 दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बेळगावला नागेंद्रच्या दुकानात गेलो. फिशटँकवाला, तोंडाळ, पण मनानं बरा. मोबाईलमधला फोटो बघून म्हणाला, "आक्का, ही जात मोठी झाली की समुद्राचंच पाणी मागते. खडे मीठ बंद करा. त्यात नुसतं मीठ असतं, समुद्रात बाकी लई काय काय असतं." मग विदेशी मिठाची पिशवी, समुद्रातले बारीक जीव वाढलेला जिवंत खडक, फेस काढायचं मशीन, अशी यादी काढायला बसला.

"अरे, शेवया विकणारी बाई आहे ती," मी आवाज चढवला. "समुद्र फुकट हाय का न्हाई, ते सांग."

"फुकट हाय की. आणणार कोण? तुम्ही?"

"दर्यातच सोडलं तर?" आक्कानं मधेच विचारलं.

नागेंद्रनं मान हलवली. "बारा वर्षं माणसाच्या हातचं खाल्लंय त्यांनी. माणूस दिसला की पुढं येणार. पहिलं जाळं त्यांचंच. आणि टाकीतला रोग समुद्राला कशाला देताय? सोडू नका."

आक्का दुकानातनं बाहेर पडली. बसस्टँडवर म्हणाली, "त्यास्नी दर्याला नेता येत न्हाई. मग दर्या घरी आणायचा."

आणलाही. अण्णाच्या जुन्या गाडीवर आता शामूअण्णा ड्रायव्हर होता. तो भरतीच्या वेळी, खाडीपासून लांब, वाळूवरनं पाण्यात शिरून दोन कॅन भरायचा आणि शेवटच्या सीटखाली ठेवून आणायचा. खारेपण मोजायची काचेची नळी नागेंद्रनं जुनी दिली. पाणी आंबट होऊ नये म्हणून मंदिराच्या कामावरचा संगमरवराचा चुरा मागून आणला, धुतला आणि तळाला पसरला. शिंपले घालायला आक्का तयार नव्हती. "कुणाचं तरी घर हाय ते." नागेंद्रनं बजावलं होतं, "आठवड्याला खारेपण थोडंच चढवायचं. पाणी आटलं तर भर गोड्या पाण्याची घाला, खाऱ्याची न्हाई. मीठ उडून जात नसतंय." चार महिने सांगितले होते त्यानं. घिसाडघाई केली तर मासे जातील, हेही.

दोन महिने सगळं नीट चाललं. पंख भरून आले. ठिपके काळे झाले. मग पर्युषण आलं, आमचे दहा दिवस कडक असतात असं आक्का म्हणाली, आणि मी वॉर्डातल्या गढूळ पाण्याच्या भांडणात अडकले. त्या वर्षी गल्लीत घरोघरी मीच चिठ्ठ्या वाटल्या होत्या: पाणी उकळून वापरा.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली.  गेले तर टाकीत तीन मासे आडवे, दोघांचं तोंड पाण्याच्या वर, आ वासलेलं.

"काय केलंस?"

"काय न्हाई गं. पाणीच घातलं. शुद्ध करून."

ह्यांच्या घरात व्रताच्या दिवसांत उकळलेलं पाणी. उकळलं की त्यात जीव उरत नाही, पण ती शुद्धी आठ प्रहरांचीच. चोवीस तासांत ते संपवायचं, नाहीतर परत जीव पडतात आणि पाप दुप्पट. तोच नियम आक्कानं समुद्राला लावला. दर्याच्या पाण्यात न दिसणारे किती जीव असतील म्हणून दोन्ही कॅन उकळले. आणि चोवीस तास भरायच्या आत सगळं पाणी टाकीत ओतलं. आठवड्याला थोडं थोडं, ते राहिलं बाजूला.

मी नागेंद्रला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "कशात उकळलं?"

"बंबात," आक्का फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली. "तांब्याच्या बंबात. आतनं कसा लख्ख झालाय बघा, चिंच लावल्यागत."

 तो हळू म्हणाला, "आक्का, ते तांबं पाण्यात उतरलंय. माशाला विष असतंय. जे जगलेत त्यांना उचला आधी."

जुन्या पाण्याची एक बादली मागं ठेवलेली होती, तेवढंच नशीब. दोघांना त्यात घातलं. एक दुपारपर्यंत गेला. शेपटीला नख लागल्यासारखी खाच असलेला एक उरला.

आक्का रडली नाही. परसात पारिजाताखाली चार खड्डे काढले, प्रत्येक माशाच्या डोक्याशी वाकून णमोकार मंत्र म्हटला. मरणाऱ्याच्या कानात म्हणतात ना, तसा. मधेच थांबून मला विचारलं, "ह्यास्नी कान कुठं असतो गं?" हसावं की काय करावं ते कळेना. "इथंच असेल," म्हटलं.

हात धुताना ती म्हणाली, "मुंगीवर पाय पडला तरी त्या दिवशी मी दूध सोडते. हे तर पाच इंद्रियांचे जीव. माझ्या हातानं मारले." मग माझ्याकडं बघून, साध्या आवाजात, "तू चिठ्ठी दिलीस तवा मला वाटलं, तुझंबी हेच म्हणणं हाय. उकळून वापरा."

मी उभ्या गावाला उत्तरं देते. त्या दिवशी तिच्या हातावर नुसतं पाणी ओतत राहिले.

त्या दिवसापासून आक्कानं जेवणातलं मीठ सोडलं. मुनींकडं जाऊन जन्मभराचं व्रत घेऊन आली. भाजी अळणी, आमटी अळणी. त्याच हातानं काचेची नळी धरून टाकीतलं मीठ मोजते. टाकी रिकामी करून, चुरा बदलून, पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी सहा महिने लावले. पाणी नुसतं फडक्यातनं गाळायचं, आणि फडक्यावरचं सगळं बाटलीत भरून शामूअण्णाबरोबर परत पणजीला. ज्या पाण्यातलं त्या पाण्यात. पहिल्यांदा शामूअण्णा हसला होता. नंतर हसायचा थांबला.

आता ते पाणी पुरतं समुद्राचं झालंय. काचेची नळी दाखवते तसं. खाचवाला मासा जगलाय, चांगला अंग धरून आहे. पण पावणेसहा वाजले की तो खुर्चीकडच्या काचेला येतो, आणि बाजूला चार मासे मावतील एवढी जागा सोडून उभा राहतो. टाकी एवढी मोठी, त्याला कुठंही उभं राहता येईल. मी मुद्दाम आठ दिवस जाऊन बघितलं. एकदाही जागा चुकली नाही.

आणि एक गोष्ट आजवर कुठं बोलले नाही. पंपाची नळी मी दुसऱ्या बाजूला बांधली होती ना? गेल्या महिन्यात आक्का शेवया घालायला गच्चीवर गेली असताना त्या खुर्चीच्या हातावरनं बोट फिरवलं. पांढरं लागलं. चाखलं नाही. पदराला पुसलं आणि घरी आले.

अडचण वेगळी आहे. शामूअण्णा गेल्या पंधरवड्यात निवृत्त झाला. नवा ड्रायव्हर म्हणतो, सरकारी गाडीत पाण्याचे कॅन चालणार नाहीत. त्याच्याशी मी भांडले, डेपोत अर्ज टाकला, उत्तर यायचं तेव्हा येईल. टाकीतलं थोडं पाणी दर महिन्याला बदलावं लागतं, नाहीतर ते सडतं. घरात एकच कॅन शिल्लक आहे. आक्का रोज त्याचं टोपण उघडून बघते, परत लावते. मला एकदा म्हणाली, "हा गेला तर त्यास्नी काय सांगू मी?" 'त्यास्नी' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

म्हणून हे लिहिलं. गोव्याला तुम्ही जाताच, दर शनिवार-रविवारी तुमच्या गाड्या घाट उतरताना दिसतात मला. येताना एक कॅन भरून आणा. प्लास्टिकचा, आधी तेल-साबण न लागलेला. भरतीच्या वेळी, खाडीच्या तोंडापासून लांबचं पाणी घ्या. निपाणीत जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत शेवयावाल्या कांताआक्काचं घर कुणीही दाखवेल. उकळू नका, तांब्या-पितळेत ओतू नका. पावणेसहाच्या आत पोचा, दारात ठेवा, हाक मारा. आणि आत बोलावलं तर पाटावर बसा, खुर्चीत नको.