काडतुसं घेणाऱ्यांच्या फायली

बहरीनमध्ये रिफाच्या पुढे वस्ती विरळ होत जाते आणि नुसती वाळू उरते, तिथे आमची शूटिंग रेंज आहे. मी तिच्या ऑफिसात बसते. इथे नेमबाजीला येणाऱ्याला काडतुसं विकत घ्यायची असतील तर आधी त्याची चौकशी होते. पोलिसांचा दाखला, कंपनीचं पत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि शिवाय एक लांबलचक फॉर्म. झोप नीट लागते का, कधी कोर्टात जावं लागलं का, मनाच्या आजारावर औषध घेतलं का, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. ते कागद फायलींना लावायचे आणि कपाटाची किल्ली सांभाळायची, हे माझं काम.

वैजापूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आमचे मॅनेजर वयस्कर बहरिनी गृहस्थ आहेत. किल्ली हातात देताना ते म्हणाले होते, "इथलं काही घरी न्यायचं नाही. डोक्यातूनसुद्धा नाही." मी मान हलवली. नियम पाळणं मला शाळेपासून जमत आलं होतं, त्यामुळे त्यात अवघड काही असेल असं वाटलं नाही.

ही नोकरी मला काकूंमुळे लागली. काकू म्हणजे इथल्या आमच्या मराठी लोकांतल्या सगळ्यांत जुन्या. लग्न करून गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मला बोलायला कुणी नव्हतं. ताजी मेथी कुठल्या दुकानात येते हे त्यांनी दाखवलं, इंटरव्ह्यूला त्यांनीच गाडीतून नेलं, आणि बाहेर उन्हात थांबून राहिल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एका शुक्रवारी काकू घरी आल्या. त्यांच्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्याचा, अस्करच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर. माझे मिस्टरही त्याच कारखान्यात आहेत, पण दुसऱ्या विभागात.

"मुलगा तुमच्या रेंजवर येतो म्हणे," काकू चहा फुंकत म्हणाल्या. "म्हणजे त्याची सगळी कुंडली तुझ्या कपाटात."

"काकू, मला त्यातलं काही सांगता येत नाही."

काकूंनी कप खाली ठेवला.

"बरं. कळलं मला."

"अहो, तसं नाही. म्हणजे काही आहे असं नाही म्हणत मी..."

"अगं, तू बोलली नाहीस, मी ऐकलं नाही." त्यांनी माझा हात दाबला. "उपकार झाले बाई तुझे."

त्या गेल्यावर मला आमच्याकडची रीत आठवली. आमच्याकडे स्थळाची चौकशी करायला कुणी आलं तर शेजारीपाजारी वाईट कधी बोलत नाहीत. मुलगा चांगला असेल तर म्हणतात, डोळे झाकून द्या. नसेल तर म्हणतात, आम्हाला बाई फारसं ठाऊक नाही. विचारणारा उठतो, चप्पल घालतो आणि दुसरं स्थळ बघतो. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी वडील असेच एका दारातून परत आले होते. मी मॅनेजरांचा नियम पाळला होता, पण काकूंनी माझं उत्तर वैजापूरच्या पद्धतीने ऐकलं होतं.

स्थळ मोडलं. कारण कुणी सांगितलं नाही, म्हणून प्रत्येकाने आपापलं लावलं. कुणी म्हणालं पुण्यात पोलीस केस आहे, कुणी म्हणालं डोक्याच्या गोळ्या घेतो. मग एक दिवस मिस्टर ड्युटीवरून आले ते बूट न काढता दारातच उभे राहिले.

"त्याला भट्टीच्या कामावरून काढून ऑफिसात बसवलंय. वितळलेल्या धातूजवळ असा माणूस नको म्हणे. त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय याच महिन्यात. झालं नाही तर व्हिसा खलास."

"पण मी काहीच बोलले नाही हो."

"मग आता बोल. स्वच्छ असेल तर तसं सांगून टाक काकूंना. नसेल तर गप्प बस."

"मी गप्प बसले तर तुम्हाला काय कळेल?"

ते बूट काढायला खाली वाकले.

तरीही मी काकूंना फोन केला. म्हटलं, मी कुणाचंच सांगत नाही, चांगल्याचंही नाही आणि वाईटाचंही नाही.

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "चांगल्याचं सांगायला कोण अडवतं?"

मला उत्तर सुचलं नाही. माझं ते न बोलणंही त्यांना उत्तरच वाटलं असावं.

पुढच्या आठवड्यात तो मुलगा स्वतः आला. रेंजवर गोळीबार चालू होता आणि दर आवाजाला काउंटरची काच थरथरत होती. काडतुसं घ्यायला आलेला नव्हता.

"ताई, माझ्याबद्दल तुम्ही काय सांगितलंत?"

"काहीच नाही."

"तेच ऐकलंय मी सगळीकडे. तुम्ही काहीच सांगितलं नाही."

मी त्याला म्हटलं, स्वतःचे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे, कंपनीला तुम्हीच दाखवा. मॅनेजरांनी लगेच परवानगी दिली. मी प्रती काढल्या, पाकिटात घातल्या. तो पाकीट घेऊन गाडीत जाऊन बसला. काचेतून मला दिसत होतं. पाकीट मांडीवर होतं आणि तो समोर बघत होता.

मग परत आला.

"हे दाखवलं की विचारतील, पुण्याच्या डॉक्टरांचेही दाखव. मग आईवडिलांचे. कुठे थांबायचं, ताई?" त्याने पाकीट काउंटरवर ठेवलं. "माझं नाव काढून टाका. फाईलही फाडा."

नाव काढता आलं. फाईल फाडता येत नाही, सभासद गेला तरी ती जपावी लागते. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. ते हसू मला आवडलं नाही.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. तो परत गेला. त्याच्या फायलीत काय आहे ते मी इथेही लिहिणार नाही. वाचणाऱ्याला वाटेल, निर्दोष असता तर हिने लिहिलं असतं. वाटू दे. माझ्याकडे दुसरा इलाज नाही.

काल दुपारी काकूंचा मेसेज आला. दुसऱ्या मुलाचा फोटो, खाली फक्त प्रश्नचिन्ह. हा मुलगा आमच्या रेंजवर येतो की नाही, हेसुद्धा सांगायचं नसतं. मी मेसेज उघडला होता, म्हणजे वाचल्याच्या निळ्या खुणा त्यांच्याकडे गेल्या. काय लिहावं याचा विचार करत फोन हातात धरून बसले. तेवढ्यात पुन्हा त्यांचाच मेसेज आला.

"बरं. कळलं."