उतरलेला षड्ज

दामोदर गेल्याचे त्याच्या पुतण्याने फाटकातूनच सांगितले, तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. हातातली बादली मी पूर्ण रिकामी केली, मग दुसरीही भरून ओतली... नंतर चप्पल घातली. घाटावर मी ओक्साबोक्शी रडलो, असे शोकसभेत एकाने सांगितले. ते खोटे आहे. मी रडलो नाही. आजही, महिना उलटल्यावर, रडू आलेले नाही.

त्याच सभेत दुसरेही एक असत्य बोलले गेले, आणि ते मात्र मी चालू देणार नाही, म्हणून हे छापायला देतो आहे. दामोदरच्या विजेच्या तंबोऱ्याने माझी मैफल बिघडवली, म्हणून आमच्यात वितुष्ट आले, असे वक्ते म्हणाले. ते त्या मैफलीला नव्हते. मी गात होतो.

दामोदरचे इतवारीत रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांतून त्याने वर्षभर खपून तो डबा तयार केला होता. तारा नाहीत, भोपळा नाही, केवळ सूर वरखाली करायचे एक बटण आणि अखंड षड्ज. यंत्राच्या सुराने माणसाचे काळीज हलत नाही, असे मी त्याला तोंडावर सांगितले होते. तरीही त्याच्या घरच्या बैठकीत, ऐन मे महिन्यात, मैत्रीखातर मी तो मागे लावू दिला. आलापी लांबली. श्रोते निश्चल बसले होते. सुशीलावहिनींनी, म्हणजे दामोदरच्या पत्नीने, पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला. मग तबलजीने पहिली थाप दिली आणि तबला माझ्या सुराहून चढा लागला. त्याने बिचाऱ्याने हातोडी काढली, लोक हसले. परंतु तबला चढला नव्हता. मोहल्ल्यातले कूलर सुरू होऊन वीज मंदावली होती, तसा डबा कणाकणाने खाली आला होता, आणि ज्याच्या सुरेलपणाच्या शपथा घेतल्या जात तो मी, नकळत, त्याच्यासोबत जवळजवळ अर्धा सूर उतरलो होतो. दामोदरचा हात बटणावर होता. त्याने ते फिरवले नव्हते.

"फिरवलं काहून नाही गा?" माणसे गेल्यावर मी कडाडलो.

"तू इतका मस्त उतरून राहिला होता, कायले मोडू?" तो हसला. "बापू, डब्यात जीव नाही म्हणते ना तू? मंग त्याच्या मागं मागं खाली काहून गेला?"

"सवयीनं."

"सवयीनं माणूस पायऱ्या उतरते. तुह्यासारखा गवई सूर सोडत नाही. एकदा म्हणून टाक ना, डब्याचं तुह्या काळजाले लागलं म्हणून."

मी म्हणालो नाही. वहिनी रडल्या त्या माझ्या गळ्यामुळे, एवढे मात्र ऐकवले. पुढे अनेक वर्षे, आम्ही रोज एकत्र चहा घेत असताना, तो अधूनमधून तेच विचारी आणि मी विषय बदली. वितुष्ट कसले? त्याला एक वाक्य हवे होते आणि मी ते दिले नाही, एवढेच.

लागले होते. डब्याने मला धरून खाली नेले होते आणि मी सुखाने गेलो होतो. हे आता छापून काय उपयोग...

तेराव्यानंतर वहिनींनी डबा आणून दिला. "भाऊजी, हे तुमच्याचकडे असू द्या. घरी लावाले कोण आहे आता?"

रोज दुपारी मी तो लावून बसतो. चार घरचे कूलर सुरू झाले की षड्ज खाली सरकू लागतो. बटणावरचे आकडे त्याच्या बोटांनी पुसले गेले आहेत. मी तिथे हात ठेवतो, फिरवत नाही, आणि त्याच्याबरोबर खाली गात जातो. तबला लावायला कुणी नसतो. किती उतरलो ते कळत नाही.