उसाच्या मुलखातला घुमट

नव्या भिंतीवर मामा गाईच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचे आणि म्हणायचे, "उभी ऱ्हा बाई. लई जण तुझ्यावर इसंबून हायेत."

मामा दौंडचे गवंडी. नव्वदच्या दशकात यवतला माझं सिमेंटचं दुकान होतं, त्यामुळं आमची कायमची गाठ. तुमच्याही गावात असेल असा एखादा, रस्त्यानं जाताना दुसऱ्यांच्या भिंती तपासणारा.

त्यांचा भाचा जहाजावर खलाशी होता. एकदा सुट्टीवर येताना त्यानं त्रिनिदाद बेटावरच्या मशिदीचा रंगीत फोटो आणला. पांढराशुभ्र घुमट, दोन मिनार, मागं नारळी. त्यानं सांगितलं, ऊस तोडायला हिंदुस्थानातून बोटीनं नेलेल्या मजुरांनी ती उभारली. आधी कुडाची, मग लाकडाची, नातवंडांच्या काळात विटांची. मामा खूश झाले. "ऊसवाल्यांची व्हय? म्हंजी आपलीच की."

त्याच सुमारास मांडवगण फराट्याकडच्या एका वाडीतल्या पत्र्याच्या मशिदीचं काम त्यांच्याकडं आलं. तिथल्या मुस्लिम जमातीला सपाट स्लॅब हवा होता. मामा तसल्याच घुमटावर अडून बसले. घरोघर चहा पीत त्यांनी एकेकाला पटवलं. टेकूंना लाकूड मशिदीशेजारच्या रानातल्या आप्पांनी बांधावरचं दिलं. आप्पा मेंढपाळाच्या घरातले, आता ऊस लावणारे. जाता जाता त्यांनी विचारलं, "मामा, पडला तर?"

"आधी माझ्यावर पडंल."

टेकू काढायच्या दिवशी वाडी लोटली. सिमेंट माझ्याच दुकानातलं, म्हणून मीही गेलो होतो. मामा बरोबर घुमटाखाली खुर्ची टाकून बसले आणि गड्यांना म्हणाले, काढा. चेहरा शांत होता, पण खुर्चीचा हात त्यांनी गच्च धरलेला मला दिसत होता. शेवटचा टेकू निघाला. मामांच्या टोपीवर चिमूटभर धूळ पडली, बाकी काही नाही.

मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. जो तो हाक मारून घुमट ऐकू लागला. आप्पा लाजत पुढं आले आणि मेंढरं वळवायची आरोळी दिली. ती अशी घुमली की बाहेरच्या रानातली मेंढरं ओरडत दाराशी आली. मौलवींसकट सगळे पोट धरून हसले. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काही वर्षांनी मामा गेले. मला ते शेवटचे दिसले खुटबावच्या वाटेवर. आम्ही एकाच एसटीत होतो. एका देवळाच्या कमानीचं काम दिसलं, तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि थेट परांचीवर चढले. कंडक्टरनं हाक मारली. मामांनी वळूनही पाहिलं नाही.

"तुम्ही व्हा फुडं," ते वरून म्हणाले, "मला हितं येळ लागंल."