चाचाचे घोडे हरत होते तेव्हा

शेवटच्या शनिवारी मी इब्राहिमभाईंचं म्हणणं मान्य केलं. चूक एवढीच. तीही चांगुलपणाच्या भरात केलेली, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठे घोळ चांगुलपणाच्या भरातच होतात. पुढच्या शनिवारपर्यंत ते राहिलेच नाहीत. हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत एका पेशंटला मी "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा" असं सांगत होतो, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. नाझनीनचा, इब्राहिमभाईंच्या मुलीचा. पोरगी कुवेतमध्येच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम इंग्रजीत. त्या सकाळी मात्र ती म्हणाली, "अंकल, अब्बा गेले." मराठीतून म्हणाली, म्हणून पुन्हा विचारावंच लागलं नाही. मी फोन धरून तसाच उभा राहिलो, आणि पलीकडे तो बिचारा पेशंट श्वास धरून बसलेला... 'सोडा' म्हणायचं मी विसरलो होतो.

त्याच दिवशी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर दफन झालं. सगळ्यांबरोबर मीही माती दिली. माती कसली, कोरडी ठणठणीत वाळू; बोटांतून निसटून जात होती. ज्या माणसाने जन्मभर चिखलावर प्रेम केलं त्याच्या वाट्याला ही वाळू यावी, हे मला त्या क्षणी फार लागलं. ते का, ते आता सांगतो.

इब्राहिमभाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला भागातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन. अबू हलीफा वस्तीत आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. ओळख झाली ती माझ्या गाढवपणामुळे. लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून मी त्यांच्या दाराला माझी किल्ली घालत होतो, आणि ती लागत नाही म्हणून दाराला लाथ मारत होतो. दार उघडलं. समोर लुंगीतला धिप्पाड माणूस. मला वाटलं, आता मार पडणार. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "आलायस तर बस. शर्यत लागलीय."

आत टीव्हीवर घोडे धावत होते. साधे धावत नव्हते, वाटेत उभी केलेली झुडपांची कुंपणं उड्या मारून ओलांडत होते, आणि पलीकडे थपाककन चिखलात उतरत होते. विलायतेतल्या, आयर्लंडमधल्या शर्यती. तिथल्या थंडीत होतात, आणि इकडे कुवेतमध्ये शनिवारी चहाच्या वेळेला दिसतात. पैजबिज काही नाही. इब्राहिमभाईंना ती हराम, आणि मला तर घोडा ओळखतानाच घाम फुटायचा. "मग बघता कशाला?" मी विचारलं. ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा चिखल बघ, नाईक. कसला गुडघाभर आहे! आमच्या खलाटीत, भाताच्या शेतात, असाच असायचा." बाहेर धुळीने आभाळ पिवळं झालेलं, आणि आम्ही दोघं परक्या मुलखातला चिखल बघत बसलेलो.

पहिल्याच हिवाळ्यात मी माझं नाव काढलं. एक काळा घोडा सगळ्यांच्या पुढे निघाला, मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो, नाचलो, चहा सांडला. घोडा पहिला आला. इब्राहिमभाई हसून हसून आडवे. "अरे नाईक, घोड्यावर माणूस लागतो!" स्वार मागेच कुठेतरी पडला होता, रिकामा घोडा आपला सवयीने कुंपणं ओलांडत आला होता. असा रिकामा घोडा निकालात धरत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी इमारतीत सगळ्यांना सांगितली, खालच्या बकालेवाल्याला, म्हणजे किराणा दुकानदाराला, हिंदीतून सांगितली, आणि त्याने ती अरबीतून पुढे पाठवली असावी, कारण इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदारसुद्धा पुढे मला बघून हसायचा.

आमचा एक आवडता ट्रेनर होता, म्हणजे घोडे तयार करणारा. वाकडी टोपी, जुनाट रेनकोट. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. आधी कित्येक वर्षं चाचाचे घोडे पक्ष्यांसारखे उडायचे. मग अचानक काय झालं कोण जाणे... कुणी कुंपणाशी अडायचा, कुणी शेवटच्या चढावर चालायलाच लागायचा. दोन हिवाळे हेच. व्हिडिओखाली तिकडचे लोक चाचाला शिव्या घालायचे, आणि सोफ्यावर मी. आमच्यात परभणीचा गजानन होता, माझ्याच हॉस्पिटलात ब्रदर. तो म्हणायचा, "घोडेच म्हातारे झालेत ना राव, चाचा काय करील?" मी म्हणायचो, चाचाच संपलाय, आता तबेला पोराच्या हाती द्यावा आणि घरी बसावं. इब्राहिमभाई उसळायचे. "एका घोड्याच्या छातीत काही शिरलं की अख्खा तबेला बसतो. घोडा बोलत नाय, म्हणून तुम्ही ट्रेनरला धरता!"

त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात इब्राहिमभाईंच्या छातीचा फोटो मी बघितला. दुसरीकडे काढलेला, त्यांनी फोनवर मला दाखवला. मी डॉक्टर नाही, तसं सांगितलंही. "डॉक्टर नाय म्हणूनच विचारतो," ते म्हणाले. मी बघितलं आणि म्हणालो, "वाईट आहे." त्यांनी मान हलवली, फोन खिशात टाकला. जरा वेळाने म्हणाले, "आता सगळे गोड बोलायला लागतील. बायको लागलीच आहे. वर्कशॉपात साहेबसुद्धा माझं नाव प्रेमाने घेतो. तू शनिवारी यायचं आणि माझ्याशी नीट भांडायचं. तुझ्यावरून मला कळेल, मी अजून किती आहे ते."

मग मी भांडलो. मनापासून भांडलो. ते बारीक होत गेले, आवाज बसला, नाकात नळी आली, तरी मी चाचाला सोडलं नाही. सकिनाभाभी आतून यायच्या आणि माझ्याकडे असं बघायच्या की मी त्यांच्या नवऱ्याला मारायला आलोय. इब्राहिमभाई मात्र उशीला टेकून, धाप लागत, खुशीत मला मूर्ख म्हणायचे.

आणि मग तो शनिवार. चाचाचा एक घोडा भर शर्यतीत थांबला. इब्राहिमभाई काहीतरी पुटपुटले, खोकला आला, तो थांबेचना. भाभींनी पाठ चोळली. त्यांची ती पाठ मी बघितली, नुसती हाडं... आणि माझ्या तोंडून निघालं, "तुमचं खरं आहे, इब्राहिमभाई. चाचाचा दोष नाही. पुढच्या हिवाळ्यात बघा, चाचा परत येतो."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही.

"एवढं आलंय तर जवळ," ते म्हणाले.

मी सारवासारव केली, चाचाला दोन शिव्याही दिल्या. ऐकायला ते नव्हतेच. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

परवा भाभींचा निरोप आला, शनिवारी या. गेलो. सोफ्याची इब्राहिमभाईंची बाजू अजून दबलेली. रिमोट त्यांनीच गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, बटणांवरची अक्षरं त्यांच्या अंगठ्याने पुसलेली. भाभी यापूर्वी कधी शर्यतीला बसल्या नव्हत्या; त्या दिवशी माझ्याशेजारी ताठ बसून बघत होत्या. मी म्हणालो, "भाभी, दिवस पालटतात. धीर धरा, हळूहळू सगळं..."

"ते नको," त्या म्हणाल्या. "ते सगळे बोलतात."

मी रिमोट हातात फिरवत राहिलो. मान वर केली तर काय! चाचाचा पांढऱ्या कपाळाचा घोडा सगळ्यांच्या पुढे. एकटा. कुंपणामागून कुंपण ओलांडत, चिखल उडवत. मी उठलोच. "भाभी, बघा! चाचा आला! इब्राहिमभाई म्हणाले होते..." डोळ्यांत पाणी, मी ओरडतोय, हात नाचवतोय...

भाभींनी कपाळावर आलेली ओढणी मागे सारली. नीट बघितलं.

"नाईकभाई, त्याच्यावर माणूस नाहीये. खाली बसा."