सहीशिवाय उडायचं नाही

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धंतोलीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात, चपला बाहेर काढून, थंडगार खोलीत बसून आम्ही विमानं पाडायचो. कुणीतरी फ्लॉपीवर लढाऊ विमानांचा खेळ आणला होता. हिरव्या पडद्यावर शत्रू दिसला की बटण दाबायचं. आपण मेलो तर लगेच नवं विमान, पुन्हा सुरू. वर्गात सगळ्यांत जास्त विमानं मी पाडली होती आणि त्याचा मला भारी तोरा होता.

तो बाबांनी एका दुपारी उतरवला. ते हवाई दलातून निवृत्त झालेले फिटर. मला न्यायला आले, दहा मिनिटं मागे उभं राहून खेळ पाहिला आणि म्हणाले, "याच्यात जमिनीवर कोणीच नाही का वं? इमान आपल्या मनानं तेल भरून घेते काय?"

आधी राग आला, मग लाज वाटली. ज्यांच्या तेलकट हातांवर आमचं घर चाललं, त्यांची मला त्या पडद्यासमोर आठवणही झाली नव्हती.

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं एक प्रोग्राम करायचा होता. मी वीस दिवसांची मोहीम लिहिली. आठ विमानं, आठ वैमानिक. मेला तो मेला, दुसऱ्या दिवशी यादीत नाही. आणि प्रत्येक उड्डाणाआधी, विमान उडायला ठीक आहे अशी फिटरची सही. पडद्यावर विमानाची हालत यायची, तेल झिरपतंय, ब्रेक ढिला आहे, आणि खाली प्रश्न: सही करता? 'नाही' दाबलं की विमान दिवसभर जमिनीवर.

क्लास चालवणारे सर वैतागले. "पब्लिक मारामारी पाहाले येते, सह्या कराले नाही. काढून टाक ते."

"नाही काढत, सर."

"मग निदान पडद्यावर सांग तरी, की हे इमान पडलं असतं, तुम्ही वाचवलं. खेळणाऱ्याले मजा येईल."

"तेही नाही सांगत."

"काहून?"

लढाईच्या दिवसांत बाबांनी एका विमानावर सही नाकारली होती. सोबतच्यांनी त्यांना घाबरट ठरवलं. ते विमान खरंच पडलं असतं का, हे त्यांना कधीच कळलं नाही. नाही म्हणणाऱ्याला ते कळतच नसतं. पण हे सरांना कशाला सांगू? मी म्हणाले, "खऱ्या लढाईत तसंच असते, सर."

"मग सर्टिफिकेट विसर."

त्या कागदावर हिंगण्याच्या एका कारखान्यातली माझी नोकरी अडली होती. तरी मी एक ओळ बदलली नाही. तो कागद मला आजतागायत मिळालेला नाही, आणि मी मागायलाही गेले नाही.

क्लासच्या शेवटच्या दिवशी मात्र मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी बूट बाहेर काढले आणि माझ्या खुर्चीवर बसले. पाचव्या दिवशीच्या विमानाचं तेल झिरपत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि एका बोटानं 'नाही' दाबलं. सहावा दिवस उजाडला. यादीत आठही वैमानिक होते.

"पडलं असतं का वं?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

उत्तर प्रोग्राममध्ये होतं. ती ओळ मीच लिहिली होती.

"मले नाही माहीत, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, खुर्ची पुढे ओढली आणि पुढच्या विमानाची हालत वाचायला लागले.