कुठे चावतंय का?

"पग अंदर नाख," मॅनेजर म्हणाला. "हमणां ज."

पाय आत घाल. आत्ताच्या आत्ता.

फतेगंजातलं चपलांचं मोठं शोरूम. रविवारची संध्याकाळ. सोफ्यावर एक बाई, तिचा पाय माझ्या हातात, मी तिच्यासमोर गुडघ्यांवर. गुडघे टेकले की बूट टाचेवरून निसटतात. मी निसटू दिले होते. तेवढाच वारा.

बाईने पाहिलं. मैत्रिणीला कोपर मारलं. "जो तो खरी, जोडा वेचे छे ने पोते उघाडा पगे!" जोडे विकते आणि स्वतः अनवाणी. दोघी हसल्या. मॅनेजर हसला. मग त्याने हुकूम सोडला.

मी सगळ्यांदेखत पाय आत घातले. डोळ्यांत पाणी आलं.

"नाटक," बाई म्हणाली.

माझे पाय लहानपणापासून असेच. तळवे जळतात. मोज्याची घडीही सोसत नाही. शिवणीतला एक धागा वर आला तर सुई खुपसल्यासारखं होतं. नसा नाजूक आहेत, मऊ वापरा, कमी उभ्या राहा, असं डॉक्टर म्हणाले. शोरूममध्ये दिवसभर उभं राहायचं असतं. काळे, बंद, कडक बूट सगळ्या मुलींना सारखेच. सोफा ग्राहकाचा. समोरचं तिरकं स्टूल ग्राहकाच्या पायाचं. आम्ही बसायचं नाही.

एक नंबर मोठा बूट घेतला, टाच सोलली. कापूस भरला, बोटं चेंगरली. जेलची गादी घातली, आग दुप्पट झाली. दुकानात भिंतभर जोड. त्यात माझ्या पायाचा एकही नाही.

आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकं फार. बाबा कारखान्यात कंत्राटी कामगार, संपात पत्रकं वाटायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. 'शोषण' हा शब्द मला 'सहल'च्या आधी वाचता आला. पण त्या रविवारी त्यातला एक शब्द तोंडात आला नाही.

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "सोस बाळ. नोकरी आहे."

"बाबा, पत्रकं तुम्हीच वाटायचात ना?"

ते स्वतःच्या पायांकडे बघत बसले. गमबुटांनी त्यांची नखं कायमची काळी पडली आहेत.

सोमवारी माझी सुट्टी. आई मला खंडेराव मार्केटमागच्या मोचीकाकांकडे घेऊन गेली. काकांनी कागदावर पाऊल ठेवायला सांगितलं, पेन्सिलीने कड आखली. मग अंगठ्याने तळवा चाचपत गेले. मी जिथे जिथे कळवळले, तिथे तिथे कागदावर फुली मारली. आईने आपली जुनी सुती साडी दिली. फुल्यांच्या जागी त्यांनी खालचा थर कोरून काढला, वर साडीच्या कापडाचे थर चढवले. आत शिवण नाही. दुपारी चपला तयार.

"चालीने जुओ, बेन. क्यांय डंखे छे?"

चालून बघा. कुठे चावतंय का?

हे वाक्य मी दिवसभर म्हणते. गुडघ्यांवर बसून, वर बघून, हसून. नोकरीच्या पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. मला ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी भर रस्त्यात रडले.

काका घाबरले. "बहु डंखे छे?"

"नाही काका. अजिबात नाही."

मंगळवारी त्याच चपला घालून गेले. मॅनेजर दारातच आडवा आला. "आ घरनां चंपल काढ. बूट पहेर, नहीं तो घेर जा." बूट घाल, नाहीतर घरी जा.

"नहीं पहेरुं," मी म्हणाले. आणि त्या तिरक्या स्टुलावर जाऊन बसले.

काहीच झालं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. बाकीच्या मुली खाली बघत राहिल्या. "हवे आवती नहीं," तो म्हणाला. आता येऊ नकोस. आणि पुढच्या ग्राहकाकडे वळला. संपली नोकरी. दुसरी कुठे मिळेल माहीत नाही. तिथेही हेच बूट असतील.

पण निघताना मी पाहिलं. काउंटरमागच्या एकीने हळूच टाच बुटातून बाहेर काढली होती. टाचेवर रक्त होतं.

मी पत्रक लिहिलंय. गुजरातीत, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. बाबांच्या पत्रकांत मोठे मोठे शब्द असायचे, पण स्टूल हा शब्द कुठेच नव्हता. माझ्यात दोनच ओळी आहेत. बसायला स्टूल हवं. पायाला सोसेल ते घालू द्या.

उद्या सकाळी शोरूम उघडायच्या आधी मी दाराबाहेर उभी राहणार आहे. याच चपलांत. एकेकीच्या हातात कागद देणार आहे. आणि प्रत्येकीला विचारणार आहे, कुठे चावतंय?